खिम्याची वही: सहावा आठवडा, आणि एकदाचं पाणी आटलं

सहा आठवड्यांत आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला अकरा वेळा खिमा झाला. त्यातले तीन झकास, चार बरे, एक थेट कचऱ्यात आणि उरलेले तीन ‘खाल्ले बाबा’ या वर्गातले. अटी पहिल्या दिवशी घातल्या त्याच आहेत. सोमवार ते शुक्रवार, दारात चपला काढल्यापासून पाऊण तासात ताटं वाढलेली हवीत. तीन माणसांत कच्चा खिमा पाव किलो, तेल चहाचे दोन चमचे. आणि जेवण झाल्यावर धाकटीने ‘बाहेरून काही मागवू या का’ असं विचारता कामा नये. ही शेवटची अट सगळ्यात अवघड.

आमच्या घरी मोठ्याचंच, म्हणजे बीफच, आणतात, आजोबांपासून. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे, गाईला तर आधीपासून होतीच. म्हणजे पुण्यात बीफ म्हणून जे मिळतं ते म्हशी-रेड्याचं. कढईपुरतं बोलायचं तर हा फार मोठा फरक आहे. परदेशी कृतींत ‘ऐंशी-वीस’चा खिमा धरलेला असतो, म्हणजे शंभरात वीस भाग चरबी, आणि ‘सुटलेली चरबी निथळून टाका’ ही त्यातली ठरलेली ओळ. पहिल्या आठवड्यात मीही कढई वाकडी करून इमानेइतबारे निथळत बसलो होतो. निघालं काय, तर वाटीभर करडं पाणी. म्हशीच्या मांसात मुळात चरबी कमी, त्यात जी कडेला असते ती आमचे खाटीक चाचा तुकडा साफ करतानाच काढून टाकतात. मी सिंकमध्ये ओतला तो मांसाचा रस होता. त्या रात्रीचा खिमा भिजवलेल्या पुठ्ठ्यासारखा लागला, पण चूक कुठे झाली ते कळायला दोन आठवडे गेले.

खरेदी शनिवारी सकाळी, कॅम्पात शिवाजी मार्केटला. नऊच्या आत गेलं तर मनासारखा तुकडा मिळतो. मी आधी रान, म्हणजे मांडीचा तुकडा, दाखवून घेतो, पडदे साफ करून घेतो आणि मग मशीनला घालायला सांगतो. चाचांचा प्रश्न ठरलेला: ‘मोटा निकालूँ के बारीक?’ जाड जाळी, एकदाच. दोनदा काढलेला बारीक खिमा कबाबाला चांगला, कढईत मात्र तो वाटल्या डाळीसारखा लगदा होऊन बसतो. हाताने, दोन सुऱ्यांनी कुटलेला खिमा चवीला दोघांच्याही पुढे आहे, पण शनिवारच्या गर्दीत तो मागायचा धीर मला होत नाही.

आधीच काढून ठेवलेल्या ढिगातला मात्र घेऊ नका, समोर काढून घ्या. अख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते वरच्या थरावर. एकदा मशीनमधून निघालं की वरचं-आतलं एक होतं. म्हणूनच स्टेक आतून गुलाबी चालतो आणि खिमा चालत नाही. कढईत परतलेल्या खिम्याची काळजी नाही, तो शिजतोच. पॅटिस किंवा कबाब करणाऱ्यांनी मात्र पाचशे-सहाशे रुपयांचा थर्मामीटर घ्यावा आणि मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस बघावं. रंगावर विसंबू नका. खिमा पुरता शिजायच्या आत तपकिरी दिसू शकतो, आणि कधी शिजूनही गुलाबी राहतो.

आता कचऱ्यात गेलेल्याची गोष्ट. दुसऱ्या आठवड्यात मी किलोभर खिमा पिशवीसकट फ्रीझरमध्ये ढकलला होता. त्याचा झाला नारळाएवढा दगड. सकाळी ओट्यावर ठेवला आणि हडपसरला ऑफिसला निघून गेलो. एप्रिल महिना. संध्याकाळी येऊन बघतो तर बाहेरचा थर कोमट आणि मऊ, आतला दगड अजून दगडच. वास आला नव्हता, पण दहा तास कोमट राहिलेला खिमा वासाची वाट बघून ठरवायचा नसतो. टाकला. बायको काही बोलली नाही, फक्त पिशवीकडे बघून ‘किलो?’ एवढंच म्हणाली.

तेव्हापासून शनिवारी घरी आलं की पहिलं काम पुड्या करायचं. पाव-पाव किलो, झिपच्या पिशवीत, हवा काढून वर लाटणं फिरवायचं. बोटाएवढी जाड, चपटी पुडी होते. ती बंद पिशवीसकट गार पाण्यात बुडवली की वीस मिनिटांत सुटते. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवली तर तेवढंही नको. ताजा खिमा फ्रीजमध्ये एक, फार तर दोन दिवस. त्यापुढचा सगळा फ्रीझरला, आणि तीन-चार महिन्यांच्या आत संपवायचा. पुडीवर तारीख घालायचं काम धाकटीकडे आहे, कारण मार्कर तिचा.

तिसऱ्या आठवड्यात मला या सगळ्यातली मुख्य गोष्ट सापडली. ती सापडली कानाने.

बिडाची कढई मोठ्या आचेवर तापवली, तेल एक चमचा. खिमा टाकला, पसरला, उलथन्याने दाबला आणि मुद्दाम हात मागे घेतला. पहिलं मिनिट चर्र झालं, मग आवाज पडला. खिम्याने पाणी सोडलं आणि कढईत बुडबुड सुरू झाली. रंग करडा. एरवी मी इथेच टोमॅटो घालून मोकळा व्हायचो. त्या दिवशी फोन आला म्हणून तसाच उभा राहिलो. चार-पाच मिनिटांनी बुडबुड विरळ झाली, थांबली, आणि मग पुन्हा चरचर सुरू झाली, पण कोरडी, मोहरी तडतडण्याआधी तेल बोलतं तशी. उलथनं खाली घातलं तर तळाशी खमंग, तपकिरी पापुद्रा. तो रस, जो मी पहिल्या आठवड्यात सिंकला पाजला होता, तो आटून मांसावरच बसला होता. पाणी आहे तोवर तळ शंभर अंशांच्या वर फारसा जात नाही, आणि मांसाला भाजल्याचा रंग आणि वास त्याच्या बऱ्याच वर गेल्यावर येतो. शाळेत शिकलो होतो हे, पण कढईशी त्याचा संबंध कधी जोडला नव्हता.

म्हणून आता क्रम बदललाय: खिमा आधी, कांदा नंतर. यावरून आईशी वाद झाला. ‘कांद्याच्या आधी खिमा? उद्या भात वाढशील आणि मग तांदूळ धुशील.’ तिच्या पद्धतीत कांदा-टोमॅटोचं वाटण परतून त्यात खिमा शिजवायचा, मंद आचेवर तासभर. रविवारी चर्चहून आल्यावर तो तासही असतो आणि तिचा खिमा मुरलेलाही होतो, त्याबद्दल प्रश्नच नाही. मंगळवारी पावणेआठला मी तो तास आणायचा कुठून?

कांदा नंतर घालायचा आणखी एक फायदा: कांद्याचं पाणी तळाशी चिकटलेला पापुद्रा सोडवतं. वेगळं पाणी घालावं लागत नाही.

सोड्याचा प्रयोगही याच आठवड्यातला. अर्धा किलोला पाव चहाचा चमचा खायचा सोडा, म्हणजे आपल्या पुडीला त्याच्या निम्मा, चमचाभर पाण्यात विरघळवून खिम्याला चोळायचा आणि पंधरा मिनिटं ठेवायचा. सोड्याने मांसाची आम्लता उतरते, मग शिजताना प्रथिनं तेवढी आवळत नाहीत आणि पाणी कमी सुटतं, शिवाय रंगही लवकर येतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझी मोजणी अशी: बिनसोड्याचा २५० ग्रॅमचा झाला १७२, सोड्याचा १९६. एकेकदाच मोजलंय, त्यामुळे हे आकडे वेदवाक्य समजू नका, पण दाताला फरक पडतो हे नक्की. पुढच्या खेपेला उत्साहाने सोडा दुप्पट घातला आणि सगळ्यांनी साबण खाल्ला. ‘खाल्ले बाबा’ वर्गातला तो एक.

भाज्यांचं सांगायला हवं, कारण पाव किलोत तिघांचं पोट भरतं ते त्यांच्या जिवावर. इथेही सगळं पाण्याभोवतीच फिरतं. दुधी किसून थेट खिम्यात घातला तर दहा मिनिटांची मेहनत पाण्यात. दुधी वेगळा परतून, सुकवून मग मिसळायचा, आणि एवढं करूनही तो मला पटला नाही. कोबी बारीक चिरून मोठ्या आचेवर दोन मिनिटं, करकरीत राहिला पाहिजे. हा प्रकार पोळीत गुंडाळून डब्यालाही जातो. मश्रूम खिम्याएवढे बारीक चिरून खिम्याबरोबरच सुरुवातीला घातले तर तेही पाणी सोडून तपकिरी होतात आणि कोणते मश्रूम, कोणतं मांस ते ओळखू येत नाही. बायकोला अजून सांगितलेलं नाही. मटारबद्दल काय लिहायचं, तो कुठेही चालतो.

शेपू-खिमा मला प्रचंड आवडला. घरात एकट्याला.

तुळशीच्या पानांचा थाई खिमा करतात, त्याची नक्कल गॅलरीतल्या सब्ज्याच्या पानांवर केली. सब्जा तुळशीचाच चुलतभाऊ, वास गोडसर. लसूण आणि हिरवी मिरची ठेचून, चमचाभर सोया सॉस, शेवटी गॅस बंद करून मूठभर पानं. वीस मिनिटांत तयार, आंबेमोहोराच्या भातावर. सोया सॉस घातला की वरून मीठ अजिबात घालू नका. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते, आणि ते बघताबघता संपतं.

पण या सहा आठवड्यांतला माझा नंबर एक म्हणजे मेथी-मसूर खिमा. घरात शिरल्याबरोबर तीन कामं एकदम सुरू होतात: खिम्याला सोडा, ७५ ग्रॅम अख्खे मसूर (सकाळी भिजवलेले) कुकरमध्ये एक शिट्टी, मेथी धुवून चाळणीत निथळत. कढईत खिमा कोरडा होऊन चरचरेपर्यंत परतायचा. मग कांदा, आलं-लसूण, हळद. मग काळा मसाला, दीड चमचा. हा नगरच्या मावशीकडून येतो, त्यात सुकं खोबरं आणि दगडफूल भरपूर, त्यामुळे वेगळं वाटण लागत नाही. मसूर थोड्या पाण्यासकट ओतायचे, पाच मिनिटं उकळी. मेथी वेगळ्या तव्यावर उरलेल्या एक चमचा तेलात लसणीवर झटकन परतून शेवटी मिसळायची. आधी घातली की ती काळी पडते आणि कडूपणा सगळ्या कढईत उतरतो. लिंबू पानात पिळायचं, कढईत नको, बिडाला आंबट सोसत नाही. बरोबर ज्वारीची भाकरी. माझी भाकरी अजून नकाशासारखीच होते, तो वेगळ्या वहीचा विषय.

हिशेब ज्यांना हवा त्यांच्यासाठी: १०० ग्रॅम कच्च्या, कमी चरबीच्या खिम्यात साधारण २० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे पाव किलोत ५०. मसुरांची आणखी १८. माणशी बावीस-तेवीस, भाकरी सोडून. शिवाय मांसातलं लोह शरीर सहज उचलतं आणि सोबतच्या डाळीतलं लोह उचलायलाही ते हातभार लावतं, लिंबाचं क जीवनसत्त्वही लावतं. चहा नेमकं उलट करतो, म्हणून जेवणावर लगेच चहा पिण्याची आमची खानदानी सवय तासभर पुढे ढकललीय. आईला सोडून. लाल मांस आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅमच्या वर जाऊ नये असं वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड सांगतो. आमचं दोन रात्रींचं मिळून माणशी सव्वाशे-दीडशेच्या आसपास, रविवारच्या आईच्या हंडीसकट थोडं जास्त.

इराण्याकडचा खिमा-पाव मी सोडलेला नाही. वरची तर्री पावाने पुसून खायची मजा दोन चमचे तेलात येणार नाही, आणि ती आणण्याचा मी प्रयत्नही करत नाही. महिन्यातून एकदा जातो.

पुढच्या आठवड्यात भोपळी मिरच्या भरायचा विचार आहे. अडचण अशी की पाऊण तासात मिरची शिजत नाही किंवा खिमा सुकतो. कुणी तव्यावर झाकण ठेवून केल्या असतील तर आच किती ठेवली ते सांगा. काल फ्रीझर उघडून बघितला, चार पुड्या आहेत. तिघींवर तारखा. चौथीवर धाकटीने मार्करने ‘शेपू नाही’ लिहून खाली दोन रेघा मारल्यात.