किरणोत्सव, धूळ आणि नारळीकरांचं गाव

नोव्हेंबरात पुण्याहून कोल्हापूरला रस्त्यानं जायचं म्हणजे कराडच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत जायचं. हंगाम सुरू झालेला, रुंदीकरणाचं काम चालूच, त्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून निघालेले. किणी टोलनाका येईपर्यंत माझा जीव घड्याळात अडकला होता. कॉलेजातल्या मुलांशी बोलायचं होतं ते दुसऱ्या दिवशी, पण एक दिवस आधी निघालो तो अंबाबाईच्या किरणोत्सवासाठी.

स्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं चौकशी केली नाही तर ते कोल्हापूर कसलं!

"काय करतासा?"

"फिजिक्समध्ये संशोधन."

"म्हंजे यंत्रं-बिंत्रं?"

"नाही हो. कागद आणि पेन. कधीमधी कॉम्प्युटर."

"आणि पगार देत्यात?"

"देतात."

"नाद खुळा!"

सैद्धांतिक भौतिकीबद्दल इतकं मनापासूनचं कौतुक मी एकाही परिषदेत ऐकलेलं नाही.

किरणोत्सव वर्षातून दोनदा येतो, 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. हे दिवस 21 डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण 17 अंशांवर असतो, त्यामुळे क्षितिजावर मावळतोही एकाच जागी. देऊळ पश्चिमाभिमुख. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असे टप्पे घेत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरण, मग छाती, मग मुख, असा क्रम सांगतात. ते दरवेळी जमतंच असं नाही. हवेत बाष्प असलं, धुरकं असलं, वाटेत एखादं बांधकाम उंच झालं की किरणं मध्येच लुप्त होतात. त्यांची तीव्रता लक्समध्ये मोजून ठेवणारे अभ्यासकही इथे आहेत, हे मला फार आवडतं.

आतले दिवे मालवले आणि तो तांबूस पट्टा फरशीवरून पुढे सरकू लागला. सगळ्यांच्या माना मूर्तीकडे वळलेल्या. मी मात्र पट्ट्यातली धूळ बघत बसलो. शेजारच्या आजींनी एकदा माझ्याकडे रोखून पाहिलंही.

त्याचं असं आहे, की धूळ हाच माझा विषय. इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन वाटांनी गेल्यासारखा वागू शकतो, मग धुळीचा कण का नाही? नियम तर दोघांना तेच. याचं जे उत्तर एच. डिटर त्से यांनी 1970मध्ये मांडायला सुरुवात केली, त्याला डीकोहिरन्स म्हणतात. कणावर आदळून जाणारा प्रत्येक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, आणि हवेचा प्रत्येक रेणू 'कण इथे होता' ही बातमी घेऊन बाहेर पडतो. बातमी बाहेर फुटली की दोन वाटांचा मेळ संपला. 1985मध्ये योस आणि त्से यांनी हे आकड्यांत मांडलं, आणि धुळीच्या कणाचा हा मेळ टिकण्याचा वेळ सेकंदाच्या इतक्या बारीक अंशात निघाला की मोजायची सोयच नाही. म्हणजे ज्या उजेडात ती धूळ मला दिसत होती, तोच उजेड तिचं क्वांटमपण काढून घेत होता. वर्षानुवर्षं समीकरणात लिहिलेली ही गोष्ट डोळ्यांसमोर तरंगताना पाहून मी अंमळ खुळावलोच.

किरणं त्या संध्याकाळी कमरेपर्यंत आली आणि विरली. "उद्या येतील की," म्हणत आजी उठल्या.

रात्री तांबडा-पांढरा झाला. त्याबद्दल नव्यानं लिहिण्यासारखं काही नाही, फक्त पांढरा दोनदा मागितला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात नारळीकरांचा विषय निघणार हे ठरलेलंच होतं. 19 जुलै 1938ला जयंत नारळीकर इथेच जन्मले. वडील विष्णू वासुदेव नारळीकर, सापेक्षतावादातले मोठे गणिती, तेही मूळचे इथलेच. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रातल्या चार नगरांत मात्र कोल्हापूर नाही, याची खंत मला तिथल्या एका सरांनी चहाच्या आधीच सांगितली. 2025च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा बहुतेकांनी विज्ञानकथा आठवल्या. मला आठवतो तो त्यांचा हट्ट. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत त्यांनी 1964मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. पुढच्याच वर्षी पेन्झियस आणि विल्सन यांचा वैश्विक सूक्ष्मलहरींचा, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या मंद प्रारणाचा, शोध जाहीर झाला आणि स्थिर स्थितीच्या विश्वाची, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही असं मानणाऱ्या हॉइल-नारळीकरांची, बाजू पडती झाली. नारळीकर तरीही महास्फोटाला प्रश्न विचारत राहिले, 1993मध्ये सहकाऱ्यांसोबत सुधारित प्रतिमान घेऊन आले. मला स्वतःला महास्फोटच पटतो. पण स्थिर स्थितीवाल्यांचं भाकीत इतकं स्वच्छ होतं की निरीक्षणांना ते खोडता आलं. असं खोडता येण्याजोगं काही आयुष्यात एकदा तरी हातून व्हावं, असं वाटतं. आमचे कितीतरी पेपर चूक ठरण्याइतके स्पष्टही नसतात.

"सर, यात करिअर आहे का?" हा प्रश्न आलाच. राष्ट्रीय क्वांटम मिशन 2023मध्ये मंजूर झालं, 6003 कोटींचं. पैसा संगणक, संवेदक, संदेशवहन यांत आहे. 'धूळ धुळीसारखी का वागते' यासाठी जागा मोजक्याच. हे मी तसंच सांगितलं. प्राचार्यांना ते फारसं रुचलं नसावं.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "उजेडानं होतंय म्हणता, तर कण अंधारात ठेवला तर? हवा पण काढून घेतली तर?"

असा प्रश्न आला की प्रवासाचे सगळे हाल वसूल होतात. म्हटलं, तरी सुटका नाही. त्याच 1965वाल्या सूक्ष्मलहरी सगळीकडे भरून आहेत, दर घन सेंटिमीटरमध्ये सुमारे 400 फोटॉन. तापमान जेमतेम 2.7 केल्विन, पण धुळीच्या कणाला तेवढं प्रारण पुरतं.

"म्हणजे ज्यानं नारळीकर सरांची थिअरी अडचणीत आणली, तेच?"

"तेच."

"मग क्वांटम कॉम्प्युटर चालतो कसा?"

"अनेक प्रकारचे तर डब्यात बंद करून त्याहूनही थंड करतात. केल्विनच्या शंभराव्या भागाच्या आसपास."

"त्याला बिल किती येत असंल?" मागून कुणीतरी विचारलं, आणि वर्ग हसण्यात बुडाला. ती मुलगी मात्र उभीच होती, तिचा पुढचा प्रश्न तयार होता.