आमची वाटचाल: दालमिलच्या हिशोबापासून क्वांटम सर्किटपर्यंत

जळगावात आम्ही सुरुवात केली ती दालमिल आणि केळीच्या व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहून. रावेर-सावद्याकडे गाडी भरली की वजन, कटती, भाडं, उचल त्याच रात्री जुळलं पाहिजे, नाहीतर शेतकऱ्याची पट्टी अडकते. त्यामुळे कोडमधला प्रत्येक बदल गिट या नोंद ठेवणाऱ्या साधनात नोंदवायचा आणि टेस्ट पास झाल्याशिवाय कोड ग्राहकाकडे पाठवायचा नाही, ही शिस्त पहिल्यापासून अंगात भिनली.

मग क्वांटम कॉम्प्युटरकडे वळलो. त्यातला माहितीचा सर्वांत छोटा घटक म्हणजे क्युबिट; मोजेपर्यंत तो ० आणि १ यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. आयबीएमने २०१६ मध्ये पाच क्युबिटचं यंत्र क्लाउडवर सर्वांना खुलं केलं होतं, त्यामुळे प्रयोग करायला जळगाव सोडावं लागलं नाही. पुढे एका संशोधन गटाचा कोड सांभाळायचं काम मिळालं. गणित उत्तम होतं, पण कोड फक्त लिहिणाऱ्याच्याच लॅपटॉपवर चालायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयबीएमच्या क्विस्किट या क्वांटम प्रोग्रॅमिंग लायब्ररीची १.० आवृत्ती आली, तिच्यातून प्रोग्रॅम चालवणारं जुनं 'एक्झिक्यूट' फंक्शन काढून टाकलेलं होतं, आणि त्यावर लिहिलेल्या कोडच्या सगळ्या नोटबुक अडल्या. आम्ही आधी लायब्ररींच्या आवृत्त्या पक्क्या केल्या, मग बाकीच्या कामाला हात घातला.

खरा कस लागला तो टेस्टिंगमध्ये. साध्या प्रोग्रॅममध्ये कुठेही प्रिंटची ओळ टाकून मधली किंमत बघता येते. इथे क्युबिट मध्येच मोजला की त्याची अवस्थाच बदलते. आधी नक्कल काढून ठेवावी म्हटलं, तर अनोळखी अवस्थेची हुबेहूब नक्कल निघत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झालंय. म्हणून सर्किटचे, म्हणजे क्युबिटवर क्रमाने चालणाऱ्या 'गेट' नावाच्या क्रियांच्या साखळीचे, लहान तुकडे करायचे आणि एकेक तुकडा सिम्युलेटरवर, म्हणजे साध्या कॉम्प्युटरवर उभ्या केलेल्या नकली क्वांटम यंत्रावर, तपासायचा. दोन क्युबिट एकमेकांत गुंतलेली बेल जोडी घ्या: एक हॅडमार्ड गेट (पहिल्याला ० आणि १ च्या समान मिश्रणात नेणारं), एक सीनॉट गेट (पहिला १ असेल तर दुसरा उलटवणारं). हजार वेळा चालवलं तर ०० आणि ११ साधारण निम्मे-निम्मे येतात. नेमके ५०० मागणारी टेस्ट कामाची नाही. आम्ही ४५० ते ५५० धरतो. बिनगोंगाटाच्या (यंत्रातल्या चुका न धरणाऱ्या) सिम्युलेटरवर ०१ एकदाही दिसला तर सर्किटच चुकलंय. खऱ्या यंत्रावर मात्र तो थोडाफार दिसणारच, म्हणून तिथल्या टेस्ट वेगळ्या ठेवल्या.

सिम्युलेटरलाही मर्यादा आहेच. ३० क्युबिटची पूर्ण अवस्था मांडायला १६ जीबी रॅम लागते आणि पुढच्या प्रत्येक क्युबिटला ती दुप्पट होते.

आमचा सगळ्यात उपयोगी नियम गेट मोजण्याचा. ज्या यंत्रात क्युबिट शेजारी-शेजारीच जोडलेले असतात, तिथे लांबच्या दोघांना भेटवायला स्वॅप, म्हणजे दोन क्युबिटच्या अवस्थांची अदलाबदल, लागतो, आणि एक स्वॅप म्हणजे तीन सीनॉट. प्रत्येक सीनॉटमागे चुकीची शक्यता वाढते. त्यामुळे एखाद्या बदलाने ट्रान्स्पाइल केलेल्या (त्या यंत्राला चालेल अशा रूपात बदललेल्या) सर्किटमधले दोन-क्युबिट गेट वाढले, तर आमचा बिल्ड, म्हणजे कोडची आपोआप होणारी जुळणी-तपासणी, तिथेच थांबतो. का वाढले ते लेखी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. त्यातून अल्गोरिदम लिहिणारे घडतील, पण तो कोड वर्षानुवर्षं सांभाळणारेही तितकेच लागतील असं मला मनापासून वाटतं, आणि ते खान्देशातूनही उभे राहू शकतात. पगार अजून दालमिलच्या सॉफ्टवेअरवरच निघतात. तरीही या कामासाठी जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडची मुलंमुली हवी आहेत. पायथन नीट यावं आणि टेस्ट लिहायचा कंटाळा नसावा. क्वांटम आम्ही शिकवू.