हद्दपारीच्या हुकमात सापडलेले पूर्वज

माझ्या नवऱ्याचे पूर्वज इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील शेतमजूर. त्यांचा शोध घ्यायला बसले, तेव्हा चर्चच्या नोंदवह्या चाळल्या की घराणे हाती लागेल, अशी माझी समजूत होती. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ मध्ये निघाला, आणि १८३७ मध्ये सरकारी नोंदणी सुरू होईपर्यंत खेड्यातल्या गरिबाचे नाव टिकले ते बहुधा याच वह्यांत. पण १८१३ मध्ये छापील तक्ते येण्यापूर्वीच्या नोंदी बहुतेक त्रोटक असतात: मुलाचे नाव, आईबापांची नावे, तारीख. त्या पूर्वजांतल्या एका जोडप्याच्या चार मुलांचा बाप्तिस्मा एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात, झाला आणि पाचव्याचा मात्र वीस मैलांवरच्या दुसऱ्याच पॅरिशमध्ये. असे का, ते वहीत कुठेच नव्हते.

उलगडा झाला तो डॉर्चेस्टरच्या दप्तरखान्यात, गरिबांना दिल्या जाणाऱ्या मदतीच्या कागदांत. १६६२ च्या कायद्याने गरिबाचा भार त्याच्या हक्काच्या पॅरिशवर, म्हणजे जिथे मदत मागण्याचा त्याला हक्क होता तिच्यावर, टाकला होता. पुढे असे ठरले की अविवाहित गड्याने एका मालकाकडे सलग वर्षभर चाकरी केली, तर तो हक्क त्या पॅरिशमध्ये लागू होतो. म्हणून कित्येक शेतकरी गड्याला एक्कावन्न आठवड्यांपुरतेच ठेवत. त्या जोडप्यातला पुरुष आजारी पडला, मदत मागायला गेला आणि १८०४ मध्ये दंडाधिकाऱ्यांपुढे त्याची जबानी झाली. जन्म कुठला, लेडी डेपासून, म्हणजे २५ मार्चपासून, कोणाकडे राबला, वर्षाचे किती पौंड ठरले, लग्न केव्हा झाले, हे सारे एका पानावर उतरले आहे. आडनावाच्या अलीकडे कारकुनाने सोडलेल्या जागेत त्याची फुली आहे: एक रेघ ठळक, दुसरी अर्ध्यावरच फिकट झालेली. त्याच्या हातची एवढीच खूण आज उरली आहे, आणि तीही पॅरिशला खर्च टाळायचा होता म्हणून.

सोबतच्या हुकमात बायको आणि सात, पाच, तीन वर्षे व अकरा महिने वयाची चार मुले यांना त्याच्या जुन्या चाकरीच्या पॅरिशमध्ये पोहोचवावे, असे लिहिले आहे. या बायकोपाशी माझे मन अडकून राहते. ती ते राहत होते त्याच गावची लेक होती; परंतु लग्नानंतर तिचा हक्कही नवऱ्याच्या पॅरिशचा झाला होता, आणि त्यामुळे तिला स्वतःच्या माहेरातूनच हलवण्यात आले. मी तिच्या माहेरच्या नोंदी शोधल्या. पाचव्या मुलाचे नाव तिच्या वडिलांचे आहे.