८५ अंशांची राखण

जुन्या गाड्या शर्यतीसाठी तयार करणाऱ्या मंडळींत इंजिनाचा विषय निघाला, की पहिली तक्रार ठरलेली असते: गाडी गरम होते. आमच्याकडे साताऱ्यात तिची उत्तरेही ठरलेली आहेत. थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट अडवणारी झडप) काढून टाका, मोठा रेडिएटर बसवा, पुढे आणखी एक पंखा लावा. ही तिन्ही उत्तरे ‘इंजिन जितके थंड तितके चांगले’ या एकाच समजुतीतून येतात आणि जुन्या इंजिनांचे जेवढे नुकसान उकळण्याने होते, जवळपास तेवढेच या समजुतीने होते, असे माझे मत आहे. इंजिनाला एक ठरावीक तापमान हवे असते आणि ते उन्हाळ्यात, थंडीत, घाटात आणि ट्रॅकवर सारखेच राखणे, हे खरे काम आहे.

माझ्यासमोर उदाहरण आहे ते १९६० च्या दशकातल्या फियाट ११०० चे. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती होत असत, तेव्हा याच जातीच्या गाड्या तिथे मोठ्या संख्येने धावत. १०८९ सीसीचे इंजिन, बिडाचा ब्लॉक आणि त्यावर ॲल्युमिनियमचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा वरचा भाग. मूळची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर आणि कॉम्प्रेशन यांवर काम केले की ती ५५ च्या आसपास जाते. म्हणजे साधारण ४० किलोवॉट. पेट्रोल इंजिनाचा ढोबळ हिशेब असा, की इंधनातल्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा चाकांच्या दिशेने जातो, तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे बाहेर पडतो आणि उरलेला बहुतांशी इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात उतरतो. याचा अर्थ पूर्ण ताकदीने पळणाऱ्या या छोट्या इंजिनाच्या पाण्यात २ किलोवॉटचे वीस गीझर एकाच वेळी चालू असतात. पाणी इंजिनात शिरताना आणि बाहेर पडताना ८ अंशांचाच फरक ठेवायचा असेल, तर मिनिटाला सुमारे ७० लिटर पाणी फिरले पाहिजे. हा आकडा मनात पक्का असला, की पुढची सगळी चर्चा अंदाजावरून हिशेबावर येते.

पाणी ८० ते ९० अंशांच्या दरम्यान असावे, असे मी धरतो. त्याहून बरेच थंड इंजिन पळवले, तर पेट्रोल नीट वाफ न होता सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते, ऑइल घट्ट राहते, पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातले अंतर अपेक्षित मापावर येत नाही आणि ज्वलनातून तयार झालेले पाणी संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या टाकीत, साठून ऑइलमध्ये आम्ल तयार करू लागते. हे नुकसान आवाज करत नाही, म्हणून त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. गाडी उकळली की सगळा रस्ता पाहतो. थंड इंजिनाची झीज मात्र हेड उघडल्यावरच दिसते.

थर्मोस्टॅट काढण्याचे समर्थन करणारे एक गोष्ट बरोबर सांगतात, की त्यामुळे पाण्याचा अडथळा कमी होतो. पण तो अडथळा उपयोगाचा असतो. पंप पाणी ब्लॉकमध्ये ढकलतो आणि बाहेर पडण्याच्या तोंडाशी थोडी अडवणूक असली, की ब्लॉक आणि हेडमधला दाब वाढतो. एक्झॉस्ट वॉल्वच्या आसपास धातू इतका तापलेला असतो, की तिथे पाण्यात वाफेचे बारीक बुडबुडे सतत तयार होतात. वाढलेला दाब त्यांना दाबून ठेवतो. अडवणूक काढली, तर तिथे वाफेचा थर बसतो आणि तापमानाची सुई शांत असतानाही हेडमध्ये तडा जाऊ शकतो. याच्या उलट बाजूने सांगितली जाणारी ‘पाणी फार जोरात गेले तर रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही’ ही कल्पनाही चुकीची आहे. प्रवाह वाढला की उष्णता अधिकच वाहून नेली जाते. ज्यांना शर्यतीत थर्मोस्टॅट अडकून बसण्याची भीती वाटते, त्यांनी त्याच्या जागी मध्यभागी भोक असलेली चकती बसवावी, जागा मोकळी सोडू नये. जुन्या गाड्यांत धातूच्या भात्याचे थर्मोस्टॅट असत. त्यांचे उघडणे पाण्याच्या दाबावर अवलंबून असल्यामुळे रेडिएटरला जास्त दाबाचे झाकण बसवताना ते बदलून मेणाचे बसवणे आवश्यक ठरते.

पंपाबद्दल या भागात फार समजावून सांगावे लागत नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून कृष्णाकाठच्या कित्येक घरांत कोणी ना कोणी पंपाशी संबंधित आहे आणि खेचण्याच्या बाजूला दाब कमी झाला की पंप पाण्याऐवजी पोकळी फिरवू लागतो, हे नदीवर मोटर बसवणाऱ्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते. गाडीतही नेमके हेच घडते. मूळ इंजिन जेवढ्या फेऱ्यांसाठी बनवले होते, त्यापेक्षा मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्या जास्त घेतल्या, की जुना पंप पाण्याला फेस आणतो आणि प्रवाह वाढण्याऐवजी घटतो. पंपाची पुली थोडी मोठी करून त्याचा वेग उतरवणे, हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. खालचा होज पाइप मऊ पडला असेल तर तो खेचण्याने आत चिकटतो. त्याच्या आत तारेची स्प्रिंग असावी.

आता उंचीविषयी. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे उघडे पाणी ९७ ते ९८ अंशांवरच उकळते आणि महाबळेश्वरला ९५-९६ वर. तापमानाचा काटा तपासण्यासाठी त्याचा बल्ब उकळत्या पाण्यात बुडवण्याची पद्धत चांगली आहे, पण साताऱ्यात तो १०० दाखवू लागला तर काटा चुकीचा आहे, हे ध्यानात ठेवावे. रेडिएटरच्या झाकणाचा दाब याच कारणाने महत्त्वाचा. ७ पीएसआयचे (दर चौरस इंचाला ७ पौंड दाबाचे) झाकण इथे उकळण्याचा बिंदू ११० च्या आसपास नेते. त्याहून जास्त दाब पन्नास-साठ वर्षांच्या पितळी रेडिएटरवर टाकण्यापूर्वी तो दाबाखाली तपासून घेणे गरजेचे आहे, कारण झाळलेले सांधे आधी सुटतात. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या चढावर ही सगळी व्यवस्था कसोटीला लागते: वेग कमी, ताकद पूर्ण, वारा पाठीमागून. मोकळ्या रस्त्यावर तासाला साठाच्या पुढे पंख्याची गरज जवळजवळ उरत नाही. घाटात मात्र पंखा आणि त्याच्याभोवतीचे आवरण हाच आधार असतो.

हवेच्या वाटेकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि मला तिथेच सर्वांत जास्त फायदा दिसला आहे. हवा नेहमी सोपी वाट शोधते. रेडिएटरच्या बाजूने, वरून, खालून फट असेल तर ती जाळीतून न जाता फटीतून जाते. पत्र्याच्या पट्ट्या आणि रबर लावून या फटी बुजवल्या आणि गरम हवेला इंजिनाखालून बाहेर पडायला जागा ठेवली, तर मोठ्या रेडिएटरचा खर्च बहुतेक वेळा वाचतो. एप्रिलमध्ये बाहेर ४० अंश असताना ८५ अंशांच्या पाण्याला ४५ अंशांचा फरक मिळतो. डिसेंबरच्या सकाळी १५ अंश असताना तोच फरक ७० होतो, म्हणजे तोच रेडिएटर दीडपट काम करतो. म्हणून थंडीत जाळीचा काही भाग टेपने झाकणे हे जुन्या शर्यतवाल्यांचे तंत्र आजही योग्य आहे.

पाणी कोणते वापरावे, याचे उत्तर थोडक्यात देतो: विहिरीचे किंवा बोअरचे कधीही नाही. त्यातल्या क्षारांचा थर उष्णतेला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त अडवतो. डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक मिसळावे, कारण बीड आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की साधे पाणी ॲल्युमिनियम खाते. निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट शुद्ध पाण्यापेक्षा सुमारे १५ टक्के कमी उष्णता वाहते, शिवाय ट्रॅकवर सांडले तर रस्ता निसरडा होतो. म्हणूनच अनेक शर्यतींत त्याला मनाई असते. जुना रेडिएटर आत भरला असेल, तर दोन्ही टाक्या उकलून नळ्यांतून पातळ पट्टी फिरवणारा आणि टाक्या पुन्हा नीट झाळणारा कारागीर शोधावा. असे हात आता कमी राहिले आहेत आणि त्यांची मजुरी घासाघीस न करता द्यावी, असे मला मनापासून वाटते.

गेल्या काही वर्षांत एक नवे कारण जोडले गेले आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यातले काही आपल्याच भागातल्या उसापासून तयार झालेले असते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे ठरावीक मापाचे भोक, स्वतःहून बदलत नाही, त्यामुळे पूर्वी बरोबर असलेले मिश्रण आता पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि दोष रेडिएटरला दिला जातो. मुख्य जेट एक-दोन मापांनी वाढवून प्लगचा रंग पाहावा. टायमिंग मागे असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तरही हीच लक्षणे दिसतात, म्हणून रेडिएटर खोलण्याआधी टायमिंग लाइट लावावा.

शेवटचा मुद्दा ऑइलचा. पाण्याची सुई ८५ वर स्थिर असतानाही ट्रॅकवरच्या काही फेऱ्यांनंतर ऑइल १२० च्या पुढे गेलेले असू शकते आणि बेअरिंगला पाण्याच्या सुईचा काही उपयोग नसतो. ऑइल ९० ते ११० मध्ये असावे, म्हणून संपमध्ये वेगळा सेन्सर हवाच. शर्यत संपल्यावर एक फेरी हळू घ्यावी आणि इंजिन लगेच बंद करू नये, कारण पंप थांबताच हेडमधली उष्णता जागेवरच्या पाण्यात उतरते आणि सुई दहा-पंधरा अंश वर चढते. आमच्या गाडीला ऑइल कूलर आहे, पण त्याला थर्मोस्टॅट नसल्यामुळे थंडीत ऑइल तापायला फार वेळ लागतो. यंदा दिवाळीच्या आत हा थर्मोस्टॅट बसवण्याचे काम हाती घेतले आहे.