तापाची रात्र, सकाळची नळी

रात्री अडीचला चिऊ कुशीत शिरली आणि हाताला चटकाच बसला. काखेत थर्मामीटर धरला, 101.6. तिला नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीतून लघवीत प्रथिनं गळण्याचा आजार, निघाल्यापासून मला तापाची तेवढी भीती वाटत नाही, तापानंतरच्या सकाळची वाटते. मागचे दोन्ही रिलॅप्स, म्हणजे आजार उलटणं, साध्या सर्दीतापाच्या मागोमाग आलेले.

पॅरासिटामॉल दिलं. 250 च्या सिरपचं 4 मिली, सूज नसतानाच्या 14 किलो वजनावर डॉक्टरांनी लिहून दिलेलं. पुन्हा लागलंच तर सहा तासांनी. गेल्या महिन्यात औषधवाल्याने "हे लवकर उतरवतं" म्हणत दुसरीच बाटली हातात ठेवली होती. घरी येऊन लेबल वाचलं तर पॅरासिटामॉलच्या जोडीला आयबुप्रोफेन. तिच्या किडनीला ते चालत नाही. परत करायला गेले तर वर मलाच ऐकवलं, "सगळी मुलं घेतात, ताई."

आईंनी कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या. ताटातलं मीठ तोडलेल्या पोरीच्या कपाळावर तरी मीठ, म्हणून मी काही बोलले नाही. मी आपली दर थोड्या वेळाने तिचं पोट दाबून बघत होते. मऊ होतं. पोट दुखतंय म्हणाली तर सकाळची वाट बघायची नाही, थेट दवाखाना, हे डिस्चार्जच्या वेळी दोनदा बजावलंय. स्टिरॉइडमुळे आतला जंतुसंसर्ग नीट दिसून येत नाही, ताप कमी भरला म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

सहाला तिची पहिली लघवी नळीत घेतली, सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकले; प्रथिनं असली की लघवी गढूळ होते. काल पाण्यासारखी नितळ होती. आज थेंबांखाली पांढरं धुकं पसरत गेलं. नेहमीसारखी नळी कालनिर्णयच्या पानासमोर धरली. आकडा आहे हे कळत होतं, कोणता ते वाचता येईना. वहीत लिहिलं: ताप 101.6, ++, म्हणजे प्रथिनं दोन अधिक.

सलग तीन दिवस तीन अधिक आले की रिलॅप्स. आज दोनच, आणि दिवस पहिला. तरी आठला डॉक्टरांना फोन केला. प्रेडनिसोलोन (तिचं स्टिरॉइड) चुकवू नका, उलटीत पडलं तर कळवा, अकराला घेऊन या, म्हणाले.

आत्ता ताप 99.8. चिऊ उठून बसली आहे आणि पापड मागते आहे.