आई, विक्रांत आणि वाळूवरची पाणबुडी

विशाखापट्टणमला जाऊन आलेले लोक अरकूबद्दल भरभरून लिहितात. आम्हीही गेलो. गाडीतून बोगदे मोजता मोजता चिरंजीव झोपले, बोरा गुहा बघितल्या, कॉफी प्यायलो, परत आलो. मला लिहायचंय ते पाणबुडीबद्दल. म्हणजे खरं तर आईबद्दल.

आधी जुनं दुखणं सांगते. आम्ही डोंबिवलीचे. आयएनएस विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि नौदल सप्ताहाच्या सुमारास लोकांना बघायला खुली व्हायची. एकाहत्तरच्या युद्धात आई शाळेत होती. खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद, भोंगा वाजला की पटापट मालवलेले दिवे आणि रेडिओवर ऐकलेलं विक्रांतचं नाव, हे सगळं तिच्या डोक्यात एकाच कप्प्यात आहे. दर डिसेंबरात ती म्हणायची, "यंदा जाऊ या गं." आणि दर डिसेंबरात काहीतरी निघायचं. माझी परीक्षा, कुणाचं लग्न, रविवारचा मेगाब्लॉक. मग जहाज धोकादायक झालं म्हणून बंद झालं आणि २०१४ मध्ये भंगारात निघालं. पुढे तिच्या पोलादाचा वापर केलेली मोटरसायकल बाजारात आली, तेव्हा नवऱ्याने आईला जाहिरात दाखवली. आई म्हणाली, "चला, आपण नाही गेलो तर तीच आता आपल्या दारावरून जाईल."

त्यामुळे विशाखापट्टणमला रामकृष्ण बीचवर अख्खी पाणबुडी ठेवलेली आहे असं मी म्हटलं, तेव्हा आईने फक्त "बंद तर नाही ना झाली?" एवढंच विचारलं.

आम्ही पोचलो तेव्हा बंदच होती. सोमवार. सगळ्या जगाला माहीत असलेली ही गोष्ट मी सोडून सगळ्यांनी वाचली असणार. रिक्षातून उतरून फाटकाकडे बघत आई काही बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं मी ओळखते. दुसऱ्या दिवशीचा कैलासगिरीचा बेत तिथेच रद्द केला.

आयएनएस कुरसुरा. १८ डिसेंबर १९६९ ला नौदलात दाखल झालेली सोव्हिएत बनावटीची पाणबुडी. २००१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी संग्रहालय झाली. लांबी ९१ मीटर. हे धूड समुद्रातून ओढून वाळूवर बसवायलाच दीडेक वर्ष लागलं म्हणतात. बाहेरून एवढी मोठी दिसते की आत प्रशस्त असेल असं वाटतं. तिथेच फसतो आपण.

आमचं आधीच ठरलं होतं, म्हणजे मी आणि नवऱ्याने ठरवलं होतं, की आई बाहेर बाकावर बसेल. गुडघे. आत एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोकं आहेत, त्यातून वाकून जावं लागतं. आईने पर्स माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि माझ्या आधी जिना चढली.

आत गाईड म्हणून नौदलातलेच निवृत्त लोक असतात. आमच्या वाट्याला आले ते इंजिनरूममध्ये काम केलेले, साठीच्या पुढचे. प्रत्येक घोळक्याला तेच सांगून कंटाळलेले असावेत. समोर टॉर्पेडोच्या सहा नळ्या, मागे चार, चला पुढे. पुढच्यांना सेल्फी हवा होता, मागच्यांना पुढे जायचं होतं, आणि मधे आम्ही, एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत. पहिल्या गोल दारापाशी ते आईला म्हणाले, "माताजी, पहले पैर, फिर सिर." आईने वरची दांडी धरली, एक पाय आत टाकला, मान वाकवली आणि पलीकडे. माझं मात्र कपाळ आपटलं. नवऱ्याचं दोनदा.

मग आलं स्वयंपाकघर. त्याला स्वयंपाकघर म्हणायचं तर आमच्या घरातल्या कपाटाला बेडरूम म्हणावं लागेल. आईने दोन्ही हात पसरून बघितले, कोपर सरळ होईना. तिने विचारलं, "किती माणसं जेवायची?"

"पचहत्तर."

आई तिथेच थांबली. अख्खी रांग थांबली. पंचाहत्तर माणसांच्या पोळ्या इथे लाटायच्या कुठे, पीठ ठेवायचं कुठे, भांडी कशात घासायची, पाणी किती मिळायचं, तिचे प्रश्न सुटले ते सुटलेच. आणि गाईडकाका बदलले. गोडं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, आंघोळ विसरायची. झोपायला सगळ्यांना जागा नाही, म्हणून एक ड्युटीवर गेला की दुसरा त्याच्याच गरम गादीवर आडवा. राहायच्या जागेच्या खाली बॅटऱ्या, ४४८. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली ती बंद आणि सगळा कारभार बॅटरीवर. बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो साचू द्यायचा नाही, नाहीतर एका ठिणगीत खेळ खलास. डिझेलचा वास तर कपड्यांत असा बसायचा की घरी गेल्यावर बायको पहिल्यांदा पिशवी गॅलरीत ठेवायची. "लोणावळ्यात ट्रेनिंग झालं माझं, थोडी मराठी येते," असंही त्यांनी मधेच मराठीत सांगून टाकलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे आगे बढ़ो भाई!" दोघांनीही ऐकलं नाही.

पेरिस्कोपपाशी चिरंजीवांना गाझीचं सुचलं. काकांनी सांगितलं, की पाकिस्तानची पाणबुडी गाझी एकाहत्तरच्या डिसेंबरात इथे आली होती ती विक्रांतच्या शोधात. विक्रांत तेव्हा इथे नव्हतीच, अंदमानकडे होती. गाझी या किनाऱ्यासमोरच बुडाली. आपण म्हणतो आपल्या नौदलाने बुडवली, ते म्हणतात आतल्या स्फोटाने गेली.

"आणि आतली माणसं?" मुलाने विचारलं.

"आतच. नव्वदच्या वर होती."

"अजून?"

काकांनी मान हलवली. एरवी अशा ठिकाणी छाती फुगवून बोलायची पद्धत असते. हे गृहस्थ तसं बोलले नाहीत. "सबमरीनवाला सबमरीनवाला होता है," एवढंच म्हणाले आणि पुढच्या घोळक्याकडे वळले. आई त्या अरुंद बंकवर हात ठेवून उभी होती.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, समोरचं विमानाचं संग्रहालयही आटपून घेऊ. टीयू १४२, तेही भलंमोठं आहे म्हणे. "आटपून" या शब्दावरून आमचं थोडं वाजलं. शेवटी बाप-लेक विमानात गेले आणि मी आईबरोबर वाळूत बसले. मुरी मिक्श्चर घेतलं. आपल्या भेळेची सर नाही, पण कांदा सढळ हाताने घालतात.

आई बराच वेळ पाण्याकडे बघत होती. "विक्रांतला शोधत इतक्या लांबून आले," ती म्हणाली. "आणि आपल्याला डोंबिवलीहून जमलं नाही."

मी दाणे वेचत बसले. काय बोलणार?

तेवढ्यात मावशीचा फोन आला.

"नाही अगं, विक्रांत नाही. पाणबुडी. हो, खरी. हो, आत जाऊन आले." मग माझ्याकडे तिरकं बघत, "हो, गुडघ्यांसकट."