तुटलं हँडल, दुखणं गिअरचं

मुंबईत मोसमी पाऊस पोचायची हवामान खात्याची सरासरी तारीख 11 जून. आमच्या हॉलच्या पश्चिमेकडच्या खिडकीचं हँडल मे संपता संपता हातात आलं. खिडकी यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, पल्ला बाहेर उघडणारा, रिडेव्हलपमेंटनंतर बिल्डरने बसवून दिलेली. सरकत्या खिडकीचा खटका तुटला तर आमच्या माहीमच्या गल्लीतला अ‍ॅल्युमिनियमवाला उभ्या उभ्या बदलून देतो. या खिडकीकडे बघून त्याने हात झटकले. "ते आमचं काम नाय ताई, कंपनीला फोन लावा."

लावला. फोटोही न मागवता तिकडून उत्तर आलं की हँडल सुटं मिळत नाही, आतली गिअरपट्टी, म्हणजे हँडल फिरवलं की सरकून पल्ला अडकवणारी पट्टी, सगळीच बदलावी लागेल, शिवाय माणूस यायचे पैसे वेगळे. आकडा ऐकून अप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "एवढ्यात आमच्या लग्नाचा हॉल झाला होता." मग आम्ही दोघांनी मिळूनच ते उघडायचं ठरवलं.

जुनं हँडल काढणं अगदी सोपं आहे. त्याच्या बुडाशी प्लास्टिकची टोपी असते. ती किंचित बाहेर ओढून आडवी फिरवली की खाली दोन स्क्रू दिसतात. ते काढायच्या आधी पल्ला सुतळीने ग्रिलला बांधून घ्या. एकदा हँडल निघालं की पल्ल्याला धरायला काही उरत नाही, आणि वाऱ्याने तो बाहेरच्या बाहेर आपटतो.

हँडल सुटल्यावर लगेच दुकानात धावू नका. ते कशामुळे तुटलं, हे आधी बघायला हवं. हँडलची चौकोनी दांडी, जिला दुकानदार स्पिंडल म्हणतात, ती नुसतीच गिअरच्या भोकात घालून पान्याने फिरवून पाहिली. पल्ला उघडा असताना जड, बंद असतानाही तितकीच जड. उघडा असताना सहज फिरली असती आणि मिटल्यावर अडली असती, तर पल्ला बिजागरीवर खाली आला आहे असं समजायचं. इथे तसं नव्हतं. पट्टीच्या खाचांत खारी धूळ आणि वाळलेलं ग्रीस घट्ट बसलं होतं. एवढा जोर रोज सोसून हँडलच्या आतलं चौकोनी भोक झिजून गोल होत आलं होतं. अशा गिअरवर नवं हँडल लावलं असतं तर तेही वर्षभरात गेलं असतं. अप्पा खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले होते, ती परत पाठवली. त्यावर धूळ आणखी चिकटते. जुन्या टूथब्रशने खाचा साफ केल्या, सिलिकॉन स्प्रे मारला, आणि दांडी दोन बोटांनी फिरायला लागली.

मापं तीन घेतली. स्पिंडलची जाडी 7 मिलिमीटर, दोन स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर 43 मिलिमीटर, आणि बुडाच्या बाहेर स्पिंडल किती येते ती लांबी. पहिली दोन मापं या प्रकारच्या हँडलांत बहुधा सारखीच असतात, फसगत होते ती लांबीत. स्पिंडल आखूड पडली तर गिअर पकडतच नाही. लांब झाली तर हँडल फ्रेमला टेकत नाही, पण ती करवतीने कापता तरी येते.

चौथं माप मुंबईतल्या घरांचं खास, डासांच्या जाळीचं. आमची जाळी आतल्या बाजूने मिटते, म्हणून हँडल पल्ला आणि जाळी यांच्यामध्ये मावलं पाहिजे. त्या फटीत मोजपट्टी घालून मोजता येईना. तेव्हा कणकेचा लांबट गोळा हँडलच्या जागी चिकटवला, जाळी मिटली, उघडली, आणि दाबला गेलेला गोळा मोजला. 52 मिलिमीटर. दिसायला देखणी अशी निम्मी हँडलं इथेच बाद झाली.

माहीमहून हार्बरची सीएसएमटी गाडी थेट मस्जिदला नेते, तिथून नागदेवी स्ट्रीटचा हार्डवेअर बाजार चालत. जुनं हँडल पिशवीत होतं म्हणून बरं. तोंडी वर्णन केलं असतं तर प्रत्येकाने "हां, है ना" म्हणत भलतंच काढलं असतं. एका दुकानदाराने स्क्रूला लोहचुंबक लावून दाखवलं. "देखो मॅडम, चिपकता नहीं, असली एसएस." चुंबक चिकटत नाही हे खरं, पण स्वस्तातलं 202 जातीचं स्टेनलेसही बहुतेक चिकटत नाही, आणि खाऱ्या हवेत ते गंजतं. मी 316 जातीचं मागितलं. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून समुद्राकाठी ते नेहमीच्या 304 जातीपेक्षा जास्त टिकतं. तो जरा नाराज झाला, पण आतून वेगळी पुडी काढली. हँडल बुटकं, पांढऱ्या पावडर कोटिंगचं घेतलं. मुलाच्या खोलीसाठी त्यातलंच किल्लीवालं.

बसवताना एवढंच बघायचं की गिअर आणि नवं हँडल दोन्ही उघड्या स्थितीत आहेत. तसं नसेल तर पल्ला मिटूनही हँडल आडवंच राहतं. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे पिळले. मग पल्ला आणि चौकट यांच्यामध्ये वर्तमानपत्राची पट्टी धरून खिडकी बंद केली आणि पट्टी ओढली. वरच्या बाजूला ती फाटली, खालच्या कोपऱ्यात मात्र अलगद निघून आली. म्हणजे रबर तिथे दाबलं जात नव्हतं, आणि पश्चिमेचा पाऊस बरोबर तिथूनच आत येतो. गिअरपट्टीवरचा खालचा रोलर, म्हणजे चौकटीत अडकून पल्ला ओढून धरणारी गोल खुंटी, अ‍ॅलन कीने (षटकोनी किल्लीने) थोडा फिरवला, तेव्हा तिथेही कागद अडकला.

मुलाच्या खोलीतल्या हँडलच्या दोन किल्ल्या मिळाल्या. आग लागली तर ग्रिलच्या दरवाजापर्यंत जायला हीच खिडकी आहे, म्हणून एक किल्ली त्याचा हात पोचणार नाही अशा खिळ्यावर खिडकीशेजारीच टांगली आहे. दुसरी अप्पांनी नीट ठेवली आहे. कुठे, ते आठवलं की सांगतो म्हणाले आहेत.